सात बाजूंचं स्वयंवर

आमच्या घरी ‘स्वयंवर’ हे नाटक सात बाजूंचं होतं.

तबकड्या चार, म्हणजे हिशेबाने बाजू आठ. पण माझ्या थोरल्या काकांनी लहानपणी एका बाजूवर खिळ्याने स्वतःचं नाव कोरून ठेवलं होतं. सुई त्या नावाच्या पहिल्या अक्षरापाशी आली की अडखळायची, उडी मारायची आणि थेट शेवटच्या तानेत जाऊन पडायची. ती बाजू कुणी लावत नसे. काका पुढे मोठ्या हुद्द्यावर गेले, त्यांना नातवंडं झाली, पण आजीनं त्यांना ‘आमची आठवी बाजू’ म्हणायचं काही सोडलं नाही.

घर इंदूरच्या रामबागेत. फोनो चावीचा. चावी भरायचे अण्णा, म्हणजे आजोबा. सुई बदलायचा मान बाबांचा. आम्ही पोरांनी हात मागे घेऊन बसायचं. रविवारी पोहे-जिलेबी आटोपली की नाटक सुरू. आजी सोडली तर घरातल्या एकानेही ‘स्वयंवर’ रंगमंचावर पाहिलेलं नव्हतं. आजीचं माहेर बडोद्याचं. लग्नाआधी वडिलांचं बोट धरून ती गंधर्व कंपनीचा खेळ बघून आली होती, आणि त्या एका रात्रीच्या भांडवलावर तिने आमच्या घरात पन्नास वर्षं राज्य केलं.

बाकी आम्ही सगळे ते नाटक कानाने बांधलेले. ‘नाथ हा माझा’ ही आमची पहिली बाजू, कारण ती तबकडी पेटीत सगळ्यात वर असायची. ‘मम आत्मा गमला’ खालच्या तबकडीवर. नाथ म्हणजे नवरा, हे मला ठाऊक होतं. त्यामुळे माझ्या नाटकात रुक्मिणीचं लग्न आधी व्हायचं आणि प्रेमात ती नंतर पडायची. यात मला काही वावगं वाटलं नाही. आमच्या घरात सगळ्यांचं तसंच झालं होतं. पुढे कॉलेजात असताना खाडिलकरांचं नाटक मिळवून वाचलं, तेव्हा कळलं की लग्नाला अजून अवकाश आहे. बाईंनी मनाशी आधीच ठरवून टाकलंय आणि भाऊ रुक्मी शिशुपालासाठी अडून बसलाय. वाचताना थोडा हिरमोड झाला. माझं नाटक जास्त सुटसुटीत होतं.

दुसरा धक्का त्याआधीचा, सातव्या-आठव्या वर्षीचा. एका मासिकात शालू नेसलेल्या, नथ घातलेल्या बाईचा फोटो होता. ही कोण, म्हणून विचारलं. आजी म्हणाली, “अरे, हीच आपली रुक्मिणी. नारायणराव राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व.” मी त्या फोटोकडे किती वेळ बघत होतो कोण जाणे. तोवर तो आवाज बाईचा आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. त्यानंतर तबकडी लावली तेव्हा मुद्दाम कान देऊन पुरुष शोधला. सापडला नाही. आजही सापडत नाही. आवाज बायकी आहे म्हणावं तर तसंही नाही, नीट ऐकला तर भरदार आहे. पण शब्द टाकण्याची जी लाज आहे, ‘हा’ या एका अक्षरावर जे किंचित थांबणं आहे, ते रुक्मिणीचं. नारायणराव त्यात कुठेच नाहीत.

मला मूळ संचाच्या तबकड्यांचं जे वेड लागलं, ते इथून. नाटकांच्या जाहिरातीत ‘मूळ संचात’ असे दोन शब्द ठळक छापतात, त्याची किंमत मला जाहिराती वाचायला लागण्याआधीच कळलेली होती.

‘स्वयंवर’ 1916 चं. चाली भास्करबुवा बखल्यांनी दिलेल्या. यमन, बिहाग, भूप असे घरंदाज राग आणि त्यातल्या बंदिशींवर बेतलेली पदं. हेच भास्करबुवा पोरवयात किर्लोस्कर कंपनीत असताना इंदूरच्या बंदे अली खाँसाहेबांचे शागीर्द झाले होते. इंदूरकरांना फुशारकी मारायला एवढं पुरतं. आमचे अण्णा तर असे बोलत, जणू ‘स्वयंवर’ राजवाड्याच्या सातव्या मजल्यावर बसून रचलंय.

तबकडीची एक बाजू चालायची तीन-सव्वातीन मिनिटं. आणि नाटकात? एकेका पदाला वन्स मोअर, त्यावर पुन्हा वन्स मोअर, तबल्यावर थिरकवा खाँसाहेब, सारंगीवर कादरबक्ष. नाटक पहाटेपर्यंत चालायचं. त्या पसरलेल्या रात्रीची तीन मिनिटांत घडी घालायची म्हणजे पैठणीची घडी काडेपेटीत बसवणं. गाताना घड्याळाचा काटा डोळ्यांसमोर. एरवी जी जागा चार वेळा चार तऱ्हांनी घ्यायची, ती एकदाच. म्हणून ती आठवेल अशी घ्यायची. या ओढाताणीने त्या पदांचं नुकसान झालं, असं जाणकार म्हणतात. असेलही. मला मात्र कधीकधी वाटतं की त्या तीन मिनिटांच्या धाकामुळेच आमच्यासारख्या रंगमंचापासून सहाशे किलोमीटरवर राहणाऱ्यांच्या वाट्याला काहीतरी आलं. अख्खी रात्र कुणी साठवली असती तर ती आमच्या कोनाड्यात मावली नसती.

(जाता जाता: या तबकड्या बनत त्या लाखेच्या. पळस, बोर, कुसुम या झाडांवरचे किडे जी लाख करतात तीच. तिच्यात दगडाची पूड आणि काजळी. राजवाड्याच्या मागच्या बाजारात लाखेच्या बांगड्यांची दुकानं आहेत. बांगडी टिचकीने वाजवून घ्यायची असते. आजी तबकडीही तशीच वाजवून बघायची. तडा गेलेली लगेच कळते.)

पण आमच्या सात बाजूंत एक मोठीच गोम होती. त्या ‘स्वयंवरा’त कृष्णच नव्हता. रुक्मी नाही, शिशुपाल नाही, भीष्मक नाही, कुणी म्हणता कुणी नाही. सातही बाजूंवर एकटी रुक्मिणी. ती ज्याच्याबद्दल एवढं गाते तो कधी येतच नाही. आणि गद्य? गंधर्वांच्या रुक्मिणीचं एक वाक्य महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या सांगितलं गेलं. “दादा, ते आले ना?” बस, एवढंच. रुक्मिणी भावाला विचारते. या चार शब्दांवर नाट्यगृह घायाळ व्हायचं म्हणतात. आमच्या सात बाजूंत ते वाक्य कुठेच नव्हतं. म्हणून ते आजी म्हणायची. एक बाजू संपली, बाबा तबकडी उलटायला उठले, की मधल्या त्या रिकाम्या अर्ध्या मिनिटात आजी पदर सारखा करून, मान जराशी तिरकी करून विचारायची, “दादा, ते आले ना?” तोवर तिच्या तोंडात चारच दात उरले होते.

अमेरिकेत मूळ संचाच्या तबकड्यांचा एक वेगळा धंदा उभा राहिला, ते मला फार उशिरा कळलं. आणि कळलं ते महूत. महू इंदूरहून पंचवीसेक किलोमीटरवर, जुनी छावणी. साहेब लोक बदलून गेले की बंगल्यातलं सामान कबाड्याकडे यायचं. 1988 च्या सुमारास अशाच एका दुकानात, सायकलच्या मडगार्डखाली, मला एक एलपी मिळाली. दाढीवाला म्हातारा ढगात बसून कळसूत्री बाहुल्याच्या दोऱ्या हलवतोय, आणि तो बाहुला पुढे एका पोरीच्या दोऱ्या हलवतोय. चित्र अल हिर्शफेल्डचं, ढगातला म्हातारा म्हणजे बर्नार्ड शॉ, आणि नाटक ‘माय फेअर लेडी’. कबाडी म्हणाला, “भिया, दस रुपये दे दो, फोटू अच्छा है.”

घरी आणून लावली आणि पाचव्या मिनिटाला ओळख पटली. अरे, ही तर आपली फुलराणी! पुलंनी 1975 साली शॉचं ‘पिग्मॅलियन’ मराठीत आणलं, भक्ती बर्वेंनी ते अजरामर केलं, आणि हे त्याच नाटकाचं गाणाऱ्यांचं भावंड. गोष्ट पाठ असल्यामुळे इंग्रजी अर्धं समजलं नाही तरी अडलं नाही. रेक्स हॅरिसन गात नाहीच. तो तालात बोलतो, सुराला नुसता खांदा लावून पुढे जातो. आमच्याकडे असल्या माणसाला कंपनीच्या दारात उभं केलं नसतं. पण ऐकत गेलो तसा लक्षात यायला लागलं की तो प्राध्यापक आहे, स्वतःच्या बोलण्याच्या प्रेमात पडलेला आहे, तो गाईल कशाला? आणि समोर ज्युली अँड्र्यूज, विशीतली पोर, आवाज आरस्पानी. पात्रांमधलं अंतर आवाजातच आहे. डोळे मिटून दिसतं.

मग खणत गेलो. ‘माय फेअर लेडी’ न्यूयॉर्कला सुरू झालं 15 मार्च 1956 ला, आणि लगेच 25 तारखेला, रविवारी, मंडळी स्टुडिओत. मध्ये फक्त दहा दिवस. कोलंबिया कंपनीच्या गोडार्ड लिबरसनला या नाटकाचा इतका भरवसा होता की त्याच्या मालकांनी, सीबीएसने, नाटकाचा सगळा खर्चच उचलला होता. तबकडी विकायला मिळावी म्हणून नाटक उभं करायचं! आपल्या कंपन्यांची कर्जं आठवून मला हसावं की रडावं कळेना. माझ्याकडची एलपी मात्र न्यूयॉर्कची नव्हतीच. ती निघाली 1959 ची, लंडनची. माणसं तीच, स्टिरिओ आला म्हणून पुन्हा मुद्रित केलेली. पुष्कळ वर्षांनी दोन्ही लागोपाठ ऐकली. लंडनच्या वेळेपर्यंत हॅरिसनला प्रत्येक हशा कुठे पडतो ते पाठ झालंय, तो तिथे बरोबर जागा सोडतो. न्यूयॉर्कच्या तबकडीत तो अजून शब्दांच्या मागे धावतोय. आपल्याला हे जमणार की नाही, याची धाकधूक आवाजात आहे. प्रोफेसर हिगिन्सला ही धाकधूक नसावी, तरीही ती गोड लागते. शहाणे लोक पहिलीला मान देतात. मीही देतो. आणि ऐकतो लंडनची, कारण ती महूची आहे.

या साऱ्याचा श्रीगणेशा म्हणून ‘ओक्लाहोमा!’चं नाव घेतात. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांचं हे नाटक 31 मार्च 1943 ला लागलं. त्या वेळी अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला होता, 1942 च्या ऑगस्टपासून. डेक्का कंपनीने 1943 च्या सप्टेंबरमध्ये संघटनेशी तडजोड केली आणि लगोलग या नाटकाचा सगळा संच आत घेतला: रंगमंचावरचे नट, कोरस, तोच वाद्यवृंद, तोच संचालक. सहा तबकड्या, बारा बाजू, पुठ्ठ्याच्या वहीत एकेका पानाच्या पिशवीत एकेक. अल्बम हा शब्द तिथला. फोटोंची वही तशी तबकड्यांची वही. दहा लाखांवर खपली. याआधी लंडनात असले प्रयोग झाले होते, पण नाटक पाहिलेलं नसताना घरबसल्या नाटक ‘माहीत’ असणारा माणूस ही जात त्या वहीतून मोठ्या संख्येने जन्मली. ती जात मला चांगली ठाऊक आहे. मी तिच्यात जन्मलो.

फरक एवढाच की त्यांच्या वहीत सगळे होते. नायक, नायिका, खलनायक, मागे उभा राहून नुसतं ‘आ’ करणारासुद्धा. आमच्याकडे तबकडी काढायची ती नावावर. गंधर्वांची तबकडी, दीनानाथांची तबकडी, केशवरावांची तबकडी. नाटक गेलं कुठे, कुणी विचारलंच नाही. 8 जुलै 1921 ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ झालं. ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. एकमेकांशी चढाओढ असलेल्या दोन कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर समोरासमोर. तीन महिने होतात न होतात तोच, 4 ऑक्टोबरला केशवराव गेले, जेमतेम एकतिशीत. त्या रात्रीची एकही बाजू नाही. दोघांची पदं वेगवेगळी ऐकता येतात, हा इकडे आणि तो तिकडे. मी एकदा खुळ्यासारखा त्यांच्या तबकड्या पाठोपाठ लावून बसलो होतो, काही होतंय का बघायला. काय होणार? दोन माणसं दोन खोल्यांत गात होती.

नंतरच्या काळात हे सुधारलं. ‘कट्यार काळजात घुसली’ 24 डिसेंबर 1967 ला रंगमंचावर आलं, दारव्हेकरांचं लेखन, अभिषेकींचं संगीत, आणि वसंतराव देशपांडे खाँसाहेब. तोवर लाँग प्ले आली होती, तीन मिनिटांचा जाच संपला होता. वसंतरावांच्या ‘या भवनातील गीत पुराणे’मध्ये विजयाचा माज आहे, आणि माजाच्या खाली एक भेगही आहे. गायक म्हणून वसंतराव यापेक्षा मोठे होते, मैफलीत ऐकलेले लोक सांगतात. पण मैफलीतले वसंतराव ती भेग कशाला दाखवतील? ती खाँसाहेबाची. पुढे नव्या संचात ‘कट्यार’ पुण्याला पाहिलं तेव्हा माझी बायको वैतागली. गाणारा चांगला तयारीचा होता आणि मी शेजारी बसून पुटपुटत होतो, “इथे श्वास घेत नाहीत.” ती म्हणाली, “मग घरीच बसायचं होतंत तबकडी लावून.” बरोबर होतं तिचं. मूळ संचाचा हा रोग आहे. एकदा कानात बसला की पुढचा प्रत्येक नट भाडेकरू वाटतो.

आजीला हा रोग अगदी हाडीमाशी. देवास आमच्यापासून पस्तीस-चाळीस किलोमीटर. तिथे कुमार गंधर्व राहत. त्यांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ केलं तेव्हा आमच्या आळीत घराघरात तट पडले. अण्णा कुमारांच्या बाजूचे. एलपी आणली, आजीला मधोमध बसवून ऐकवली. तिने डोळे मिटून सगळं ऐकलं, एकदा वा म्हणाली, एकदा मांडीवर ताल धरला. संपल्यावर म्हणाली, “छान गातो हो. फार छान. पण रुक्मिणी कुठाय?” अण्णा चिडले. अगं, नावातच सांगितलंय त्यांनी, ‘मला उमजलेले’ म्हणून, ते कुठे रुक्मिणी आणतो म्हणाले? तरी आजी आपली, “तेच म्हणते मी.” दोघांचंही खरं होतं. पण मला कुणाचं वाक्य आयुष्यभर पुरलं, ते सांगायला नको.

अलीकडे मी इंटरनेटवर एक जुना माहितीपट पाहिला. स्टीफन सॉंडहाइमचं ‘कंपनी’ हे नाटक 1970 साली आलं, त्याच्या तबकडीचं मुद्रण चालू असताना पेनबेकरने ते चित्रित केलं. एका दिवसात सगळं उरकायचं म्हणून सकाळी सुरू झालेलं काम पहाटेपर्यंत रेटलेलं. शेवटी इलेन स्ट्रिचचं गाणं. रोज रात्री टाळ्या घेणारं. आणि ते काही केल्या होईना. घसा गेलाय, ती ओरडते, स्वतःवरच चिडते, काचेपलीकडे लोक एकमेकांकडे बघतात. अखेर नुसता वाद्यवृंद मुद्रित करून घेतात आणि तिला घरी पाठवतात. दोन-तीन दिवसांनी ती येते, केस-बीस नीट, आणि असं म्हणते ते गाणं की अंगावर येतं. मला पाहताना एकच दिसत होतं: समोर प्रेक्षक नाही, पोशाख नाही, सहनट नाही, आणि या बाईला पहाटे चार वाजता ती दुसरी बाई अंगात आणायची आहे. गंधर्वही कुठल्यातरी खोलीत असेच उभे राहिले असतील. शालू नाही, नथ नाही, साध्या कोट-टोपीत, कर्ण्याच्या तोंडाशी. आणि तरीही ‘हा’वरचं ते थांबणं.

1986 च्या दिवाळीत मी फोनोसमोर टेपरेकॉर्डर ठेवून साती बाजू कॅसेटवर उतरवल्या होत्या. आता फोनोची स्प्रिंग गेली आहे, दुरुस्त करणारा नाही. कॅसेट मात्र वाजत होती. मागच्या वर्षी भाच्याला दिली, म्हटलं मोबाइलवर घेऊन दे. तो असल्या कामात तरबेज. आठवड्याने फाइल आली. लख्ख. खरखर गेलेली, पदं एकामागून एक ओळीने लावलेली, मधली फालतू जागा कापून टाकलेली. ऐकताना चौथी बाजू झाली आणि लगेच पाचवी सुरू झाली तेव्हा मी उठून उभाच राहिलो. त्याला फोन केला. म्हटलं, भिया, मूळ आहे ना अजून? तो म्हणाला, “मामा, त्यात नुसता कचरा आहे. कुकर-बिकर वाजतोय.” म्हटलं, तेच पाठव.

रात्री हेडफोन लावून बसलो. चौथी बाजू संपली. सुई आतल्या रिंगणात फिरत राहिल्याचा आवाज, मग बाबांच्या उठण्याचा. कुकरची एक शिट्टी. कुणीतरी चावी भरतंय. आणि मग टेपरेकॉर्डरपासून लांब, पण स्वच्छ, चार दातांतून:

“दादा, ते आले ना?”

क्षणभर काही नाही. मग अण्णांचा आवाज, त्यांना तेव्हा ऐकू कमी येऊ लागलं होतं:

“आँ? कोण आलं गं?”